पोटातलं विरजण



डॉक्टरची गोळी सुरू केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट का बिघडतं, हा प्रश्न आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत इतक्या वेळा निघालाय की त्यावर एकदा नीट बोलायचं मी ठरवलं. कुणी म्हणतं गोळी उष्ण पडली. कुणी म्हणतं उपाशीपोटी घेतली म्हणून. एक आजी म्हणाल्या, "गोळीनं पोटातलं विरजण मोडतं." आजींचं म्हणणं खरं आहे, आणि तेवढंच सिद्ध करायला शास्त्रज्ञांना जवळजवळ पावणेतीनशे वर्षं लागली. त्या शोधाची आज गोष्ट सांगते.

गोष्ट सुरू होते हॉलंडमधल्या डेल्फ्ट या गावात. तिथे अँटनी लिव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडाचे धागे तपासायला व्यापारी भिंग वापरायचे. या गृहस्थाला भिंगं घासायचा असा नाद लागला की धाग्यांवरून तो तळ्याच्या पाण्यावर गेला, आणि त्या पाण्यात त्याला वळवळणारे बारीक जीव दिसले. १६८१ साली त्याचं स्वतःचं पोट बिघडलं. तुम्ही आम्ही काय केलं असतं? याने आपलीच शौच भिंगाखाली धरली. तिथेही जीव हलत होते. दोन वर्षांनी त्याने दातांवरची कीट खरवडून पाहिली, तिच्यातही तेच. ना कॉलेज, ना पदवी, पण माणसाच्या अंगात दुसरे जीव राहतात हे पहिल्यांदा पाहिलं ते या कापडवाल्याने.

पुढची दोनशे वर्षं यात फारसं काही झालं नाही. मग जर्मनीतल्या म्युनिक शहरात थिओडोर एशेरिश या लहान मुलांच्या डॉक्टरने तान्ह्या बाळांची शी रोज तपासायला घेतली. बाळ जन्मलं की पहिली काळी, चिकट शी होते ना, तिच्यात त्याला जंतू सापडत नव्हते. पण काही तासांतच ते दिसू लागायचे. म्हणजे बाळ जगात आलं की त्याच्या पोटात वस्ती सुरू होते. १८८५ साली त्याने यातल्या एका जंतूचं वर्णन छापलं. आज पाणी तपासणीच्या कागदावर 'ई. कोलाय' असं लिहिलेलं असतं, त्यातला 'ई' हा या एशेरिशचा. १९०० च्या सुमाराला पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिये याला आणखी एक गोष्ट दिसली. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटात एक फांदी फुटल्यासारखा जंतू भरपूर असतो. त्याला आता बायफिडोबॅक्टेरियम म्हणतात. पुढे कळलं की आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या असतात या जंतूंसाठी. आई एका वेळी बाळालाही पाजते आणि बाळाच्या पोटातल्या जंतूंनाही. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार आवडते.

त्याच संस्थेतल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने मग आंबवलेल्या दुधाचा मोठा गाजावाजा केला. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून म्हातारपणापर्यंत धट्टेकट्टे राहतात, असं त्याचं म्हणणं. त्याला १९०८ साली नोबेल मिळालं, अर्थात ते वेगळ्या कामाला. ताक घुसळताना आपल्या आज्यांनी असा दावा कधी केला नाही, त्यामुळे त्यांना काही मिळालं नाही.

आता औषधाकडे येऊ. अलेक्झांडर फ्लेमिंगच्या ताटलीत १९२८ साली बुरशी उगवली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले, हे आपण शाळेत शिकलोय. पण बुरशीपासून औषध बनायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली. ते काम ऑक्सफर्डमध्ये झालं. महायुद्ध सुरू होतं, भांडी मिळत नव्हती. तेव्हा दवाखान्यात पेशंटला अंथरुणात शौचाला देतात त्या भांड्यांत बुरशी वाढवली गेली. पुढे त्याच आकाराची मातीची भांडी मुद्दाम घडवून घेतली. ती भरायची, पेरायची, रस काढायचा, हे काम करायला सहा मुली ठेवल्या होत्या. तिथे त्यांना 'पेनिसिलीन गर्ल्स' म्हणत. १९४१ साली एका पोलिसाला ते औषध टोचलं. ताप उतरला, माणूस जेवायला लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून गाळून परत वापरलं. तरी संपलं, आणि तो वाचला नाही.

पुढच्या वर्षी, मार्च १९४२ मध्ये, अमेरिकेत न्यू हेवन इथे ॲन मिलर नावाची ३३ वर्षांची बाई गर्भपातानंतरच्या तापाने महिनाभर दवाखान्यात होती. सगळे उपाय थकले होते. तिला पेनिसिलीन दिलं आणि रात्रीतून ताप उतरला. ती १९९९ पर्यंत जगली, नव्वद वर्षांची होऊन गेली. बाळंतज्वराने किती घरं बसली हे आपल्या आजीच्या पिढीला विचारा. म्हणून आधीच सांगते, मी आज औषधाच्या विरोधात बोलायला बसलेले नाही.

आपल्याकडे हे औषध बनवायला १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली. पेनिसिलीनची ती बाटली देशात बनू लागली ती आपल्या महाराष्ट्रात.

पहिलं पेनिसिलीन मुख्यतः सुईने द्यायचे, पोटातल्या आम्लात ते टिकायचं नाही. १९४८ साली ऑरिओमायसिन आलं. ते ज्या लेडर्ले कंपनीतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हे औषध तोंडाने घेता यायचं आणि अनेक तऱ्हेच्या जंतूंवर चालायचं. लोकांना ते देणगीच वाटलं. पण जे तोंडाने जातं ते आतड्यातून जातं. आणि पुष्कळ जंतूंवर चालतं म्हणजे आपल्या कामाच्या जंतूंवरही चालतं. पेनिसिलीनचंच घ्या. ते जंतूच्या अंगाभोवतीची भिंत नीट बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला तशी भिंत नसते, म्हणून आपल्याला ते मारत नाही. पण पोटातल्या कितीतरी चांगल्या जंतूंनाही भिंत असते. औषधाला चोर कोण आणि घरचा कोण हे कळत नाही.

डॉक्टरांना हे दिसायला लागलं ते जुलाबाने आणि बुरशीने. गोळ्या घेणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे यायचे. बायकांना खाली खाज सुटायची, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जायचं. मैत्रिणींनो, हे आपण एकमेकींनाही सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट बोलते. आपल्या योनीमार्गात चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच. ते आंबटपणा राखतात म्हणून बुरशी दबून असते. गोळीने ते मेले की बुरशी उफाळते. ती बाई लाजत मेडिकलवर जाते आणि पुन्हा तीच गोळी घेऊन येते. बुरशीला अँटिबायोटिक लागूच पडत नाही, उलट आणखी जागा मोकळी होते. आमच्या भागात एका ताईला एका दुकानातून असं तीनदा दिलं गेलं होतं. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात बुरशीचं औषध मिळालं आणि आठवड्यात बरं वाटलं.

त्या बुरशीवर पहिलं चांगलं औषध दोन बायकांनी शोधलं, आणि ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात होत्या, रेचेल ब्राऊन ऑल्बनी या गावी. दोघी राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला. हेझन ठिकठिकाणची माती गोळा करायच्या, तिच्यातले जीव वाढवायच्या, बुरशी मरते का पाहायच्या. काही सापडलं की काचेच्या बरणीत घालून पोस्टाने ऑल्बनीला धाडायच्या. ब्राऊन त्यातलं औषध वेगळं काढून पुन्हा पोस्टाने पाठवायच्या. बरण्या अशा जायच्या आणि यायच्या. बहुतेक वेळा निघालेलं औषध जनावरालाही मारायचं, म्हणजे सगळी मेहनत वाया. शेवटी एक माती लागू पडली. ती होती हेझनच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या शेतातली, व्हर्जिनियातली. १९५० साली त्यांनी हे औषध जाहीर केलं आणि न्यूयॉर्क राज्यावरून त्याला निस्टॅटिन नाव दिलं. त्याच्या हक्कातून १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर पैसा आला. दोघींनी तो स्वतःसाठी घेतला नाही, संशोधनाला दिला. बचत गटातल्या आपण बायका पैशाचा हिशेब जाणतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. पुढे १९६१ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातही थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. ते ज्या जीवापासून मिळालं त्याच्या नावात पिंपरी आहे, 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'.

चांगले जंतू मेल्यावर नेमकं काय होतं, हे मात्र अजून कुणी मोजून दाखवलं नव्हतं. ते १९५४ साली शिकागोमध्ये झालं. मार्जोरी बोनहॉफ आणि त्यांच्या सोबत्यांनी उंदीर घेतले. टायफॉइडच्या जंतूच्या कुळातला साल्मोनेला हा जंतू त्यांना पाजला. धडधाकट उंदराला रोग लागायला साधारण एक लाख जंतू लागत. मग दुसऱ्या उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिनचा एकच डोस तोंडाने दिला आणि नंतर तोच जंतू पाजला. आता दहापेक्षाही कमी जंतू पुरले. औषधाने उंदराला आजारी केलं नव्हतं. फक्त दारावरचा पहारा उठवला होता. जुलाबाच्या दिवसांत, विहिरीला गढूळ पाणी आलेलं असताना, विनाकारण गोळी खाणं म्हणजे काय, ते या आकड्यांवरून ओळखा.

पहारा कसला असतो तेही बोनहॉफ यांनी दहा वर्षांनी दाखवलं. आतड्यातले जंतू आपल्या अन्नातला न पचलेला भाग खाऊन आंबट द्रव्यं तयार करतात. त्या आंबटपणात साल्मोनेलाला वाढता येत नाही. लोणच्यात आंबटपणा आणि मीठ नीट असलं की बुरा येत नाही, त्यातलाच हा प्रकार. आजींचं विरजण ते हेच.

आता थोडं किळसवाणं ऐका. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला बेन आइझमन या सर्जनकडे चार पेशंट होते. अँटिबायोटिकनंतर त्यांच्या आतड्याला भयंकर सूज आली होती, जुलाब थांबत नव्हते, मरायला टेकले होते. आइझमननी निरोगी माणसाची शौच पाण्यात कालवून एनिम्याने त्यांच्या आतड्यात सोडली. चौघेही बरे झाले. नाक मुरडू नका. नापीक झालेल्या जमिनीत आपण शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर जिवंत माती कालवून जीवामृत ओततोच की. मेलेल्या रानात जीव परत सोडायचा, विचार तोच. (हे घरी करायचं काम अजिबात नाही. देणाऱ्याचे आजार घेणाऱ्याला लागतात, तपासणी करून दवाखान्यातच करतात.)

त्या पेशंटना कोणत्या जंतूने घेरलं होतं हे आणखी वीस वर्षं कळलं नाही. १९७४ साली सेंट लुईस शहरात क्लिंडामायसिन दिलेल्या २०० पेशंटवर लक्ष ठेवलं, तर ४२ जणांना जुलाब लागले आणि २० जणांच्या आतड्याला तशी सूज निघाली. १९७८ मध्ये जॉन बार्टलेट यांनी गुन्हेगार पकडला, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. गंमत अशी की हा जंतू आधीपासून माहीत होता. १९३५ साली आयव्हन हॉल आणि एलिझाबेथ ओ'टूल यांना तो निरोगी तान्ह्या बाळांच्या शीत सापडला होता, आणि प्रयोगशाळेत वाढवायला अवघड म्हणून त्यांनी त्याला हे नाव दिलं. निरोगी पोटात तो कोपऱ्यात पडून असतो. औषधाने रान मोकळं झालं की पसरतो. नांगरून पेरणी न केलेल्या तुकड्यात पहिलं काय उगवतं? गाजरगवत. तसंच. आइझमनच्या उपायाला २०१३ साली न्याय मिळाला. ॲमस्टरडॅममध्ये रीतसर तुलना केली, तेव्हा शौच सोडलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसतं अँटिबायोटिक घेतलेल्या १३ पैकी फक्त ४.

मग एकदा मोडलेलं विरजण परत लागतं का? बरंचसं लागतं. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन जोरदार औषधं दिली आणि सहा महिने त्यांची शौच तपासली. २०१८ साली निकाल आला. दीड महिन्यात बहुतेक वस्ती परतली होती, पण नऊ नेहमीच्या जाती सहा महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत. हे एका खेपेचं झालं. आपल्याकडे सर्दीला एक पट्टी, खोकल्याला एक, पाय मुरगळला तरी शेजारणीची उरलेली एक. सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूने होतं आणि त्याला ही गोळी लागू पडत नाही. आजार जसाच्या तसा राहतो, पोट मात्र उलथतं. शिवाय औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरून वाढतात. फ्लेमिंगनी १९४५ साली नोबेल घेतानाच्या भाषणात हे बजावलं होतं. अपुरा डोस घेणारा माणूस जंतूंना औषध पचवायला शिकवेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर माझं बोलणं अर्धवट राहील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला रक्तातला जंतुसंसर्ग झालाय हे लक्षणांवरून ओळखायचं आणि घरीच अँटिबायोटिक द्यायचं, इंजेक्शनसुद्धा, असं ते काम. १९९९ साली त्याचे निकाल छापून आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्या बाळांच्या पोटातले जंतू मेले असतीलच. पण बाळं वाचली. न्यूमोनियात, जंतुसंसर्गात, टीबीत गोळी टाळणं म्हणजे जीव घालवणं. टीबीची औषधं तर महिनोन्‌महिने चालतात, ती पोट बिघडलं म्हणून परस्पर बंद करायची नाहीत. आशाताईला सांगायचं.

ओडिशातलं एक कामही सांगते. तिथल्या खेड्यांतल्या ४,५०० हून जास्त तान्ह्या बाळांवर डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी प्रयोग केला. काही बाळांना आंबवणाऱ्या जंतूंपैकी एक जात आणि तिचं खाद्य असं एक आठवडा दिलं, बाकीच्यांना तसंच दिसणारं साधं चूर्ण. सगळी बाळं अंगावर पिणारी. २०१७ साली निकाल आला, जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून शंभरात नवावरून साडेपाचाच्या आत आले. रोग होण्याआधीच पोटात चांगली वस्ती बसवायची, हा त्यामागचा विचार.

यावरून लगेच मेडिकलमधून जंतूंच्या महागड्या कॅप्सूल आणू नका. इस्रायलमध्ये २१ जणांवर केलेल्या अभ्यासात, तोही २०१८ चाच, असं दिसलं की अँटिबायोटिकनंतर अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या पोटातली मूळ वस्ती परतायला उलट उशीर लागला. बाहेरच्यांनी जागा धरून ठेवली. ताकाचं विचाराल तर जेवणात ताक हवंच. पण सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन या गोळ्या दूध-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगात कमी शिरतात. त्या ताकाच्या घोटाबरोबर गिळायच्या नाहीत, दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं. वस्ती परत वाढायला तिचं खाद्य म्हणजे कोंड्यासकट भाकरी, मटकी-हरभरा, पालेभाजी, केळं. जुलाब लागलेच तर आधी ओआरएस. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो पटकीचे रोगी जगवले, सलाईन संपल्या होत्या तेव्हा. लहान मुलाला त्याच्या जोडीला झिंकच्या गोळ्या १४ दिवस. शौचात रक्त, जास्त ताप, मूल मलूल झालेलं, असं काही असेल तर तडक दवाखाना.

गोळ्यांच्या पट्टीच्या मागे उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचं नाही, अशी ती खूण आहे. २०१६ साली केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीम काढली. काही अँटिबायोटिकांसाठी तर २०१४ पासून दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ठेवावं लागतं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या डब्यातल्या, पिशवीतल्या, देव्हाऱ्यामागच्या उरलेल्या पट्ट्या घेऊन या. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येणार आहेत. कोणत्या पट्टीवर लाल रेघ आहे ते त्यांच्यासोबत पाहू.